रोझेशियावर लेझर उपचार: गव्हाळ त्वचेला कितपत मानवतात?

उन्हातली_सावली यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. माझे वय ३८ असून वर्ण गव्हाळ आहे. गेल्या ४ वर्षांपासून उन्हातून आल्यावर, गरम पेय घेतल्यावर किंवा चारचौघांत बोलण्याची वेळ आली की माझे गाल आणि नाक तापते, चुणचुणते आणि तास-दीड तास तसेच राहते. मधूनमधून बारीक पुटकुळ्याही येत असल्यामुळे बराच काळ मी हा मुरमांचाच प्रकार समजत होते आणि ओळखीतल्या एकांनी सुचवलेले मलम जवळजवळ ८ महिने लावत राहिले. मलम लावले की चेहरा नितळ दिसे आणि थांबवले की दुपटीने लाल होई. पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर ते स्टेरॉइडचे मलम असल्याचे कळले. त्यांनी ते बंद करायला लावले, रोझेशियाचे, म्हणजे चेहरा वारंवार लाल होणाऱ्या दीर्घकालीन त्वचाविकाराचे, निदान केले आणि आयव्हरमेक्टिनचे क्रीम व काही महिने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या. आता पुटकुळ्या जवळजवळ गेल्या आहेत. परंतु गालांवरची लाली पूर्ण उतरत नाही आणि नाकपुड्यांच्या कडेला दोऱ्यासारख्या बारीक लाल शिरा कायमच्या दिसू लागल्या आहेत.

मध्यंतरी एका सौंदर्योपचार केंद्रात चौकशी केली असता, ६ सिटिंगमध्ये लेझरने हे सारे कायमचे जाईल असे सांगण्यात आले. यंत्राचे नाव विचारल्यावर 'आयपीएल' असे उत्तर मिळाले. आयपीएल आणि लेझर एकच का, हे उपचार खरोखर कायमचे असतात का, आणि माझ्या वर्णाच्या त्वचेवर डाग राहण्याचा धोका किती, या माझ्या शंका आहेत. माझ्या गालांच्या वरच्या भागावर थोडा वांगही आहे. त्याच सिटिंगमध्ये तोही जाईल, असे तिथे सांगितले गेले. शिवाय डोळे कोरडे पडतात आणि खुपतात. त्याचा याच्याशी संबंध असेल का, हेही जाणून घ्यायचे आहे.

त्वचावैद्य यांचे उत्तर:

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. आपला चेहरा मी पाहिलेला नाही, त्यामुळे अमुक उपचार घ्या असे येथून सांगणार नाही. मात्र आपल्या प्रश्नात काही वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, त्या सुट्या करून सांगता येतील.

लेझर बंद करतो त्या रोझेशियामुळे रुंदावून तशाच राहिलेल्या बारीक रक्तवाहिन्या. त्या रुंदावण्यामागची प्रवृत्ती त्वचेतच राहते. रोझेशियात त्वचेची जन्मजात संरक्षणयंत्रणा क्षुल्लक कारणानेही चेतवली जाते. एलएल-३७ नावाचे एक प्रथिन अशा त्वचेत वाजवीपेक्षा अधिक आणि सदोष स्वरूपात सापडते, केसांच्या मुळांशी राहणाऱ्या डेमोडेक्स या सूक्ष्म परजीवींची संख्या बहुधा वाढलेली असते, आणि उष्णता, ऊन, मद्य, तिखट पदार्थ किंवा मानसिक ताण यांनी चेहऱ्यातील नसा व रक्तवाहिन्या चटकन प्रतिसाद देतात. यांपैकी कोणतीही गोष्ट लेझरने पालटत नाही. म्हणून 'कायमचे जाईल' हे वाक्य ज्या शिरांवर उपचार झाला त्यांच्यापुरते बहुतेक खरे ठरते, आजारापुरते ठरत नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नव्या शिरा उमटू शकतात, आणि पुष्कळ रुग्णांना वर्षाकाठी एखादे सिटिंग पुन्हा घ्यावे लागते.

हा उपचार कोणत्या तक्रारीवर किती चालतो, यातही बराच फरक आहे. नाकाच्या कडेच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या शिरा सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. गालांवर पसरलेली लाली कमी होते, पण तिचा मागमूसही राहणार नाही अशी अपेक्षा धरू नये. अचानक तापण्याचे झटके काहींचे सौम्य होतात, काहींचे होत नाहीत. पुटकुळ्यांसाठी मलम आणि गोळ्या हाच मुख्य मार्ग आहे. नाकाची त्वचा जाड व गाठाळ होण्याचा जो प्रकार असतो, त्यासाठी अगदी निराळा, म्हणजे १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा कार्बन डायऑक्साइड लेझर वापरतात. तो रक्तवाहिन्या शोधत नाही, पाणी असलेली ऊती थरथर करून उडवतो. एकाच आजाराच्या दोन रुग्णांना दोन भलतीच यंत्रे लागू शकतात, ती अशी.

आता वर्णाचा प्रश्न. १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक तत्त्व मांडले, आणि आजचे बहुतेक त्वचा-लेझर त्यावरच उभे आहेत: ज्या घटकाला नष्ट करायचे त्यानेच अधिक शोषावा असा प्रकाश निवडायचा आणि तो इतक्या थोड्या वेळासाठी सोडायचा, की उष्णता शेजारी पसरण्याआधीच काम उरकावे. रक्तातील ऑक्सिहिमोग्लोबिन ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश विशेष शोषते. म्हणून ५३२ नॅनोमीटरचा केटीपी आणि ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेझर हे लालीवरचे नेहमीचे लेझर झाले. अडचण अशी, की तोच प्रकाश मेलॅनिन हे त्वचेला रंग देणारे द्रव्यही शोषते, आणि ते रक्तवाहिन्यांच्या वर, बाह्यत्वचेत बसलेले असते. प्रकाशाला खाली उतरायचे तर आधी या पहारेकऱ्याला ओलांडावे लागते. गोऱ्या त्वचेत हा पहारा विरळ असतो, गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत दाट. त्यामुळे वरच्याच थरात उष्णता साठून चटका बसण्याची, फोड येण्याची आणि नंतर महिनोन्‌महिने टिकणारे काळसर डाग पडण्याची शक्यता वाढते.

तरंगलांबी जसजशी वाढते तसतसे मेलॅनिनचे शोषण घटत जाते. या दृष्टीने ५३२ ची तरंगलांबी गव्हाळ त्वचेला सर्वांत जपून वापरावी लागते, ५९५ मधोमध येते आणि १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग मेलॅनिनला सर्वांत कमी छेडतो. तरी १०६४ म्हणजे निर्धोक असे मानू नये. रक्तही या तरंगलांबीला कमीच शोषते, त्यामुळे ऊर्जा खूप अधिक द्यावी लागते, आणि शीर बंद होण्याची मात्रा व त्वचा भाजून व्रण राहण्याची मात्रा यांत अंतर थोडेच उरते. एकाच जागी लागोपाठ झोत पडले तर नाकाच्या कडेला खळगा पडू शकतो. शेवटी यंत्राच्या नावाइतकेच ते चालवणाऱ्याच्या हाताला महत्त्व आहे, आणि आपल्या वर्णाच्या त्वचेवर त्या हाताने किती काम केले आहे, हा प्रश्न विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

आपल्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती स्टेरॉइडची हकिगत. अशा मलमाने त्वचा पातळ होते, त्यातील शिरा उघड्या पडतात आणि मलम थांबल्यावरही कित्येक महिने ती चिडखोर राहते. तिच्यावर घाईने लेझर घेतल्यास लाली भडकते आणि डागही लवकर पडतात. काही वेळा तर केवळ थांबण्यानेच पुष्कळशी लाली ओसरते. आपले मलम बंद होऊन किती काळ झाला, हे आपण लिहिलेले नाही. ते आपल्या डॉक्टरांशी बोलून मगच लेझरचा विचार व्हावा. लालीची कारणेही अनेक असतात. गालांवर फुलपाखरासारखी पसरणारी पण नाकापासून ओठांकडे उतरणाऱ्या घड्या बहुधा सोडून देणारी लाली ल्युपस या, शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःवरच उलटण्याच्या, आजारात दिसते. तिच्यावर रोझेशिया समजून लेझर मारत बसणे म्हणजे मूळ आजाराचा वेळ घालवणे होय. गव्हाळ त्वचेत लाली नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नसल्यामुळे ही चूक दोन्ही बाजूंनी होते. डर्मोस्कोपखाली, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली, शिरांची बहुकोनी जाळी दिसली तर रोझेशियाच्या निदानाला चांगली पुष्टी मिळते.

डोळ्यांचा संबंध नक्कीच असू शकतो. रोझेशिया पापण्यांच्या कडांनाही होतो. डोळे खुपतात, कोरडे पडतात, पापण्यांच्या कडा लाल होतात, रांजणवाड्या वारंवार येतात. दुर्लक्ष झाल्यास क्वचित बुबुळाच्या पारदर्शक पडद्यालाही इजा पोहोचते. गालांवरच्या लेझरची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांना आधी दाखवावे.

वांगाविषयी सध्या एवढेच सांगतो, की 'त्याच सिटिंगमध्ये जाईल' हे विधान ऐकून मी दचकलो.

पिंपळपान यांचे उत्तर:

मी डॉक्टर नाही, गेली ९ वर्षे रोझेशिया सांभाळणारा रुग्ण आहे. माझा वर्ण आपल्याहून थोडा सावळाच असेल. आपण लिहिलेले 'सर्व कायमचे जाईल' हे आश्वासन मलाही मिळाले होते आणि त्यावर विसंबून मी आयपीएलची २ सिटिंग घेतली. केंद्राचे नाव लिहिण्यात अर्थ नाही. काय घडले ते लिहितो.

दुसऱ्या सिटिंगच्या आधीच्या आठवड्यात मी सलग ४ दिवस उन्हात फिरलो होतो आणि चेहरा चांगलाच रापला होता. हे मला कोणी विचारले नाही, आणि सांगावे हे मलाही सुचले नाही. पहिल्या वेळचीच मात्रा पुन्हा दिली गेली. सुरुवातीला रबराचा फटका बसल्यासारखे वाटले, तेवढे पहिल्या खेपेलाही वाटले होते. परंतु या वेळी आग तासाभरानेही थांबली नाही. तिसऱ्या दिवशी दोन्ही गालांवर यंत्राच्या काचेच्या आकाराचे, ओळीने मांडलेले तपकिरी आयत उमटले. विटांची भिंत रचावी तसे ते दिसत. शेजारच्या लहान मुलाने हे कोणी काढले असे विचारले, तेव्हा हसावे की रडावे ते कळेना. ते आयत पुसट व्हायला साधारण ७ महिने लागले आणि तेवढ्या काळात मूळ लालीचा विचार करण्याचेही त्राण राहिले नव्हते.

त्यानंतर दीड वर्षाने मी एका त्वचारोगतज्ज्ञांकडे पल्स्ड डाय लेझर घेतला. तिथला फरक पहिल्या भेटीतच जाणवला. त्यांनी त्या दिवशी लेझर दिलाच नाही; कोणती औषधे चालू आहेत, ऊन किती लागते, आधी काय काय करून झाले आहे, अंगावर जखमेचे जाड वण उठतात का, हे सर्व लिहून घेतले, छायाचित्रे काढली आणि कानाच्या पुढच्या बाजूला केवळ ३ ठिपक्यांची चाचणी घेतली. पुढची सिटिंग महिन्या-महिन्याच्या अंतराने ३ झाली. मात्रा मुद्दाम अशी ठेवली होती की जांभळे डाग पडू नयेत. दरवेळी २ दिवस डोळ्यांखाली सूज आली, ती थंड पट्ट्यांनी आणि उशी उंच घेतल्याने उतरली. आज नाकाच्या कडेच्या शिरा जवळजवळ दिसत नाहीत, गालांची लाली माझ्या अंदाजाने निम्म्यावर आली आहे, आणि उन्हात तापणे मात्र पूर्वीइतकेच आहे. टोपी आणि सनस्क्रीन यांतून माझी सुटका झालेली नाही. तरीही पुन्हा निर्णय घ्यायचा झाला तर मी हाच घेईन, कारण आरशात पाहताना आता प्रथम शिरा दिसत नाहीत.

प्रकाशकिरण यांचे उत्तर:

वरील दोन्ही उत्तरांत वैद्यकीय बाजू नीट आली आहे. मी अशा यंत्रांची देखभाल आणि मोजणी करतो, म्हणून यंत्राच्या बाजूने लिहितो.

आयपीएल हा लेझर नव्हे. लेझरमधून एकाच तरंगलांबीचा प्रकाश निघतो. आयपीएलमध्ये झेनॉनचा दिवा लखलखतो आणि साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा मिश्र प्रकाश बाहेर पडतो. त्यातील नको असलेल्या आखूड लांबीचा भाग गाळणीने अडवतात. योग्य गाळणी लावून, अनुभवी व्यक्तीने चालवल्यास रोझेशियाच्या लालीवर आयपीएल चांगले काम देते, हेही सांगितले पाहिजे. त्याला सरसकट बदनाम करणे योग्य नाही. मात्र मिश्र प्रकाशात मेलॅनिनला आवडणारा भागही येतो, गाळणी जुनी झाली किंवा चुकीची बसवली तर तो आणखी वाढतो, आणि हातात धरायच्या भागाची काच आयताकृती व मोठी असल्यामुळे मात्रा चुकली की पिंपळपान यांनी लिहिल्याप्रमाणे गालावर आयत उमटतात. त्यांचे वर्णन वाचताच मला ती काच डोळ्यांसमोर आली.

लोक तरंगलांबीबद्दल विचारतात, पण झोताच्या कालावधीबद्दल क्वचितच कोणी विचारतो, आणि माझ्या मते अर्धी गोष्ट तिथेच आहे. पातळ पत्रा तापवून बाजूला ठेवला तर क्षणात निवतो, जाड तव्याला वेळ लागतो. रक्तवाहिन्यांचेही तसेच आहे. शिरेचा व्यास दुप्पट झाला की ती निवायला सुमारे चौपट वेळ लागतो. १ मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या शिरेला तो वेळ काही मिलिसेकंदांचा असतो, म्हणून झोतही तितकाच ठेवतात. झोत फार आखूड, म्हणजे अर्ध्या-दीड मिलिसेकंदाचा दिला तर शिरेतील रक्त एकदम उकळून शीर फुटते आणि आठवडा-दोन आठवडे टिकणारा जांभळा डाग पडतो. ६ ते १० मिलिसेकंदांपर्यंत लांबवला तर शीर फुटण्याऐवजी हळूच आवळली जाते. डाग टळतो, पण सिटिंग अधिक लागतात. गोंदण किंवा त्वचेतील रंगाचे कण याहून कितीतरी सूक्ष्म असल्यामुळे त्यांना नॅनोसेकंदांचे किंवा पिकोसेकंदांचे झोत लागतात. म्हणूनच गोंदण काढण्याच्या क्यू-स्विच्ड यंत्राची आणि शिरांसाठीच्या लांब झोताच्या एनडी-याग यंत्राची तरंगलांबी एकच, १०६४, असली तरी कामे सर्वस्वी वेगळी आहेत. 'आमच्याकडे १०६४ आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

त्वचा थंड ठेवण्याची सोय कोणती आहे, हेही पाहावे. काही यंत्रे झोताच्या काही मिलिसेकंद आधी थंड फवारा मारतात, काहींत नीलमण्याची थंड काच त्वचेला टेकवतात, काही ठिकाणी थंड हवेचा नळ असतो. वरचा थर गार आणि खालची शीर गरम, हा खेळ गव्हाळ त्वचेत तर टाळताच येत नाही. आणि डोळ्यांवरचे आवरण: ५३२, ५९५ आणि १०६४ या तिन्ही तरंगलांबी डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत पोहोचतात, तिथे एकदा भाजले की दृष्टी परत येत नाही. खोलीतील प्रत्येकाच्या डोळ्यांवर त्या विशिष्ट तरंगलांबीसाठीचाच चष्मा हवा, साधा काळा चष्मा चालत नाही. ज्या खोलीत यंत्र चालवणाऱ्यानेच चष्मा कपाळावर चढवलेला दिसेल, तिथून मी तरी उठून जाईन.

पहिली_पायरी यांचे उत्तर:

विषय रोझेशियाचा आहे, पण मथळा वाचून राहवले नाही. माझ्या मुलीला जन्मतः डाव्या कपाळावर आणि पापणीवर गडद लाल जन्मखूण आहे. तिच्यासाठी आम्ही पल्स्ड डाय लेझरचे उपचार ती काही महिन्यांची असतानाच सुरू केले, कारण लहान वयात त्वचा पातळ व खुणेचा आकार लहान असल्याने परिणाम अधिक चांगला मिळतो, असे डॉक्टरांनी समजावले. लेझरच्या आधी मात्र त्यांनी तिला नेत्रतज्ज्ञांकडे आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. कपाळ व पापणीवरच्या अशा खुणेबरोबर कधी कधी काचबिंदू आणि फिट्स येण्याचा विकार असतो, तो नाही याची खात्री त्यांना हवी होती. आम्ही त्वचेचा रंग पाहत होतो आणि ते डोळा व मेंदू पाहत होते, हे मला फार पुढे उमगले.

आजवर ११ सिटिंग झाली आहेत. पापणीवर उपचार करताना भूल देऊन पापणीच्या आत धातूचे कवच बसवतात. खूण पूर्ण गेलेली नाही, फिकट गुलाबी झाली आहे, आणि आता आम्ही थांबायचे ठरवले आहे. किती सिटिंग लागतील, हे सुरुवातीला कोणीच नेमके सांगितले नाही, आणि त्याबद्दल मला आज त्यांचे आभारच मानावेसे वाटतात.

उन्हातली_सावली लिहितात:

सर्वांचे मनापासून आभार. त्या केंद्राला मी नकार कळवला आहे. स्टेरॉइडचे मलम बंद होऊन सुमारे ५ महिने झाले आहेत. नेत्रतज्ज्ञांची वेळही घेतली आहे. त्वचावैद्य, वांगाबद्दल आपण अर्ध्यावर थांबलात, ते कृपया सविस्तर लिहाल का? उजव्या गालावर एक लहानसा काळा तीळही आहे. तो 'जाता जाता' काढून देऊ, असे त्या केंद्रात म्हणाले होते. शिवाय पुटकुळ्या परत आल्यास आयसोट्रेटिनॉइन सुरू करू, असे माझे डॉक्टर म्हणतात. मग लेझर किती काळ लांबवावा लागेल?

त्वचावैद्य यांचे उत्तर:

तिळापासून सुरुवात करतो, कारण तो विषय सर्वांत छोटा आणि सर्वांत गंभीर आहे. ज्या काळ्या डागाचे निदान झालेले नाही, त्यावर लेझर कधीही मारू नये. तीळ बहुधा निरुपद्रवीच असतो. पण तो मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा घातक कर्करोग, असेल तर लेझरने वरचा रंग जातो, खालची गाठ राहते, आणि तपासणीसाठी ऊतीचा तुकडाही हाती लागत नाही. आधी डर्मोस्कोपने पाहणे, शंका असल्यास तो कापून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, हा क्रम आहे. 'जाता जाता' काढायची ती वस्तू नव्हे.

वांग हा नुसता साचलेला रंग असता तर तो लेझरने फोडून टाकता आला असता. नेव्हस ऑफ ओटा नावाची जी निळसर जन्मखूण डोळ्याभोवती असते, तिच्यावर क्यू-स्विच्ड लेझर याच रीतीने उत्तम काम करतो. वांगात मात्र रंग बनवणाऱ्या पेशीच ऊन, दृश्य प्रकाश, उष्णता आणि संप्रेरके यांनी चेतवलेल्या असतात, आणि लेझर ही उष्णताच आहे. त्यामुळे काही आठवडे डाग फिकट दिसून नंतर पूर्वीपेक्षा गडद होणे, किंवा वारंवार सौम्य मात्रा दिल्याने पांढरे ठिपके पडणे, हे दोन्ही आम्ही पाहतो, आणि हे पांढरे ठिपके काळ्यांपेक्षा चिवट असतात. वांगासाठी सनस्क्रीन, त्यातही आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावायची मलमे हे आधी. लेझर झालाच तर फार नंतर. एक इशारा द्यायला हवा: वांगावरच्या प्रचलित तिहेरी मलमात हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबरोबर स्टेरॉइडही असते. रोझेशिया असलेल्या चेहऱ्यावर ते आपल्या मनाने लावले, तर आपण जिथून निघालात तिथेच परत पोहोचाल. आपल्या गालांवर लाली आणि वांग एकमेकांना लागून असल्यामुळे शिरांचा लेझर देतानाही वांगाचा भाग वगळावा लागेल किंवा तिथे मात्रा उतरवावी लागेल, हे उपचार करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

आयसोट्रेटिनॉइननंतर ६ महिने कोणताही लेझर नको, असा जुना दंडक होता. २०१७ मध्ये तज्ज्ञांनी उपलब्ध पुरावा तपासून पाहिला, तेव्हा त्वचा न सोलणाऱ्या उपचारांसाठी इतके थांबण्यास पुरेसा आधार आढळला नाही. पूर्ण चेहऱ्याची त्वचा यंत्राने घासणे किंवा लेझरने सोलून काढणे यांबाबत मात्र सावधगिरी कायम आहे. शिरांचा लेझर पहिल्या गटात मोडतो. तरीही या औषधाने त्वचा कोरडी आणि उन्हाला हळवी होते, म्हणून मी स्वतः औषध संपून त्वचा सावरेपर्यंत थांबणे पसंत करतो. दुसरे डॉक्टर थांबणार नाहीत, आणि त्यांचेही चुकत नाही. डॉक्सिसायक्लिननेही ऊन बाधते, हे गोळ्या चालू असताना लक्षात ठेवावे. लाली तात्पुरती घालवणारे ब्रिमोनिडिनचे जेल वापरत असाल तर लेझरच्या दिवशी लावू नये. शिरा आवळून बसल्या तर लेझरला लक्ष्यच सापडत नाही.

५ महिने झाले आहेत, तर आणखी काही महिने थांबण्यात नुकसान नाही, लाली अजूनही उतरत असेल तर मुळीच नाही. दर महिन्याला त्याच खिडकीशी, त्याच वेळी, चेहरा धुतल्यानंतर अर्ध्या तासाने एक छायाचित्र काढून ठेवावे. आरसा रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

उन्हातली_सावली लिहितात:

छायाचित्रांची सूचना आजपासूनच अमलात आणते. शेवटची एक शंका: पिंपळपान यांनी लिहिलेली चाचणी घेतल्यावर पूर्ण सिटिंगसाठी किती दिवस थांबावे? एका ठिकाणी दुसऱ्याच दिवशी या, असे सांगितले गेले आहे.

त्वचावैद्य यांचे उत्तर:

दुसऱ्या दिवशी केवळ चटका किंवा फोड आला का, एवढेच दिसते. काळसर डाग वर यायला २ ते ४ आठवडे लागतात, म्हणून गव्हाळ त्वचेत निदान ४ आठवडे, जमल्यास ६, थांबावे. चाचणीच्या जागेवरही या काळात रोज सनस्क्रीन लावावे, आणि त्या जागेचे छायाचित्र चाचणीपूर्वी काढायला विसरू नये.